बरोबर दीड मण

आमच्या भावजींची लघवी मी तपासली नाही, आणि तपासली म्हणून लिहिलं. सत्तरी उलटून गेली तरी हे कागदावर उतरवताना कान तापतात माझे. पण आडवळणाने सांगायला बसलो, तर मी पुन्हा एखादी सबब हुडकून काढीन. स्वतःला मी पुरता ओळखून आहे. म्हणून आधी ते सांगून टाकलं.

भावजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. मी तेव्हा उज्जैनला, फ्रीगंजमधल्या एका सरकारी दवाखान्यात कंपाउंडर होतो. पुड्या बांधायच्या, औषधाच्या बाटल्यांवर डोसाच्या कागदी खुणा चिकटवायच्या, जखमा धुवायच्या, आणि म्हातारे डॉक्टरसाहेब दुपारच्या झोपेतून उठेपर्यंत दवाखाना सांभाळायचा. पंचविशी नुकतीच ओलांडली होती, आणि गुर्मी तर विचारूच नका! लोक मला 'छोटे डॉक्टरसाब' म्हणायचे आणि मी खुशाल म्हणू द्यायचो.

आमचं घराणं दरबारच्या चाकरीपायी चार-पाच पिढ्यांमागे इकडे आलेलं. घरात मराठी, दाराबाहेर हिंदी, आणि भांडण पेटलं की दोन्ही. वडील लवकर गेले. ताईच्या लग्नात कानपिळीला, म्हणजे नवऱ्या मुलाचा कान पिळायला, वधूचा भाऊ म्हणून मी उभा राहिलो तेव्हा शाळेत होतो. एवढासा होतो, पाटावर चढून भावजींचा कान धरला होता. सगळा मांडव हसला. पण तेवढंच. त्यानंतर त्यांच्यासमोर मी कधी मान वर केली नाही. जावई घरी आले की त्यांच्या पायांवर पाणी घालायचं काम माझं. ते बसलेले असताना मी खुर्चीवर टेकत नसे. त्यांनी पाण्याचा तांब्या स्वतःच्या हाताने उचलला तर आईचा जीव कासावीस व्हायचा, "अरे, तुला दिसत नाही का मेल्या!" असं ती मला स्वयंपाकघरातून खुणेने सांगायची.

आणि माणूसही मान द्यावा असाच होता. भावजी नक्शानवीस होते. मोजणीच्या कचेरीत उंच मेजावर वाकून गावांचे, नाल्यांचे, शिवारांचे नकाशे काढायचे. एका तांदळाएवढ्या जागेत गावाचं नाव असं लिहायचे की भिंग लावून बघितलं तरी काना-मात्रा हललेली दिसायची नाही. डोळे आणि हात, एवढीच त्यांची इस्टेट. ताई नेहमी म्हणायची, "यांना आंधळ्या खोलीत बसवा, हे रेघ सरळच मारतील." हे वाक्य तिने पुढे कधी उच्चारलं नाही.

अंगाने भावजी सडपातळ. चेहरा लांबट, गालांची हाडं वर आलेली, मनगटं बाईच्या बांगडीत मावतील अशी. तरुणपणी क्षिप्रेत या काठापासून त्या काठापर्यंत पोहायचे म्हणे. मी ओळखायला लागलो तेव्हा पोहणं सुटलं होतं, मेज आलं होतं. सकाळी पोहे आणि वर जिलेबी, दिवसभर बशीतून गोडमिट्ट चहा, मेजाच्या खणात शेव, आणि संध्याकाळी टावर चौकात उभ्या उभ्या रबडीचा एक द्रोण. पण अंगाला काही लागायचं नाही. त्याचा त्यांना केवढा अभिमान! दर महिन्याला स्टेशनवर जाऊन पार्सलच्या काट्यावर उभे राहायचे. काट्यावरचा बाबू ओळखीचा होता. दीड मण. बरोबर दीड मण. लग्नात होते तेवढेच, आजच्या हिशेबाने छप्पन किलो.

"एक छटाक इकडची तिकडे नाही, काय मेव्हणे?" असं म्हणत ते लग्नातला कोट घालून दाखवायचे. पांढऱ्या रेघांचा काळा कोट. खांद्यांना तर तो सैलच झाला होता. फक्त खालचं बटण ताईने दोन बोटं पुढे सरकवून लावलं होतं, कारण ते जुन्या जागी बसत नव्हतं. ताई आणि मी, आम्ही दोघांनी ते बटण शंभर वेळा पाहिलं असेल. मी तर पैजेवर सांगायचो लोकांना, बघा, याला म्हणतात तब्येत!

देश स्वतंत्र झाला, मग दरबार गेला आणि मध्यभारत झाला. एका रात्रीत आमच्या पाट्या बदलल्या, शिक्के बदलले. जुन्या दरबारच्या नोकरांना नव्या राज्यात कायम करायचं, तर तब्येतीचा दाखला हवा असं ठरलं, आणि शहरातल्या कचेऱ्यांमधली माणसं रांगेने आमच्या दवाखान्यात यायला लागली. उंची, वजन, छाती, डोळे, लघवी. डॉक्टरसाहेब टेबलामागे बसून सह्या करायचे. बाकी सगळं माझ्यावर.

लघवीची तपासणी सोपी असते. काचेच्या नळीत निळं औषध घ्यायचं, त्यात आठ थेंब टाकायचे आणि स्पिरिटच्या दिव्यावर तापवायचं. निळं राहिलं तर साखर नाही. हिरवं झालं तर थोडी, मग पिवळं, मग नारिंगी, आणि पार विटकरी झालं तर माणसाचं काही खरं नाही. पाच मिनिटांचं काम. मी दिवसाला चाळीस-पन्नास नळ्या करायचो.

मोजणीच्या कचेरीची पाळी आली त्या दिवशी रांगेत सगळ्यात पुढे त्यांचा चपराशी होता. आखाड्यात घाम गाळणारा गडी. मान अशी की कॉलर मिटायची नाही. काट्यावर चढला तर सव्वादोन मण! माझ्याकडे भिंतीवर एक तक्ता होता, एवढ्या उंचीला एवढं वजन. गडी तक्त्याच्या कितीतरी बाहेर गेला. मला काय चेव आला कोण जाणे.

"काय पैलवान, रोज किती रबडी?"

"रबडी कहां से, बाबूजी," तो म्हणाला. "भीगे चने खाते हैं."

"चण्याने हे होतं होय! भर बाटली."

त्याची नळी निळीच राहिली. मला पटेना. पुन्हा भरायला लावली, पुन्हा निळी. रांगेतली माणसं हसायला लागली होती आणि मला ते आवडत होतं. तिसऱ्यांदा बाटली दिली तेव्हा तो खाली बघत म्हणाला, "फिर से?" तिसरीही निळी. तरी मी कागदावर 'वजन प्रमाणाबाहेर' असा शेरा मारलाच. त्यापायी त्याचं कायम होणं दोन महिने लांबलं.

मग भावजी आले. तोच काळा कोट. मी खुर्चीवरून उठून उभा राहिलो. रांगेतल्यांना कळावं, हे कोण आहेत ते. काटा थांबला तो दीड मणावर, आणि तक्त्यात त्यांच्या उंचीपुढे जो आकडा होता, त्याला अगदी चिकटून. टेबलामागून डॉक्टरसाहेब सुद्धा म्हणाले, "वा! ऐसा होना चाहिए आदमी."

माझ्या हाताशी रिकामी बाटली होती. ती मी उचललीही. पण जावयाच्या हातात ती कशी द्यायची? चार लोकांसमोर? ज्याच्या पायांवर मी पाणी घालतो, त्याला सांगू की अहो भावजी, पलीकडे जा आणि यात... छे! जीभच रेटेना. आणि मनात दुसरा शहाणा बोलतच होता, अरे, एवढा बारीक माणूस, याला कुठली आलीये साखर? साखरेचा आजार शेठ लोकांना होतो, ढेरीवाल्यांना होतो. मी बाटली परत फडताळात ठेवली. भावजींनी ते पाहिलं. मी कागदावर लिहिलं, 'साखर: नाही'. तोच टाक, तीच शाई, पैलवानाच्या कागदावर जी वापरली तीच.

त्या दिवशी त्यांच्या लघवीत साखर होती का? मला माहीत नाही. कधीच कळणार नाही. हे वाक्य मी किती वेळा मनाशी म्हटलंय! कधी सुटका म्हणून, कधी शिक्षा म्हणून.

दाखला मिळाला म्हणून आईने जावयाला जेवायला बोलावलं. श्रीखंडाच्या तीन वाट्या भावजींनी सहज संपवल्या, आणि मी आग्रह करकरून चौथी वाढली.

दोन-तीन वर्षं गेली. एका दुपारी ताई दवाखान्यात आली. एकटी कधी यायची नाही ती. औषधांच्या खिडकीशी उभी राहिली, पदराचं टोक बोटाला गुंडाळत.

"अरे, एक विचारायचं होतं. हसू नकोस."

"बोल ना."

"आमच्या मोरीत मुंग्या लागतात रे. हे जाऊन आले की लागतात. मी पाणी ओतते, तरी परत येतात. आणि पाणी किती पितात हे! रात्रीतून दोन तांबे संपवतात."

मी कंपाउंडर होतो. मुंग्यांचा अर्थ मला कळत नव्हता असं म्हणालो, तर ती आणखी एक थाप होईल. कळला. पण त्याच क्षणी तो कागदही आठवला, माझ्या अक्षरातला. आता पुन्हा तपासायचं आणि साखर निघाली, तर? डॉक्टरसाहेब विचारतील, तेव्हा कशी नाही निघाली? मग मी काय सांगणार, जावयाला बाटली द्यायची लाज वाटली?

मी हसलो. मोठ्याने हसलो. "अगं, तूच गुळाचा हात धुतला असशील तिथे. आणि पाणी पिणार नाहीत तर काय, उज्जैनचा उन्हाळा आहे!"

"तसं नाही रे..."

"ताई, मी स्वतः तपासलंय त्यांना. या हाताने. साखर नाही म्हणजे नाही. दीड मणाचा माणूस तो, त्याला काय धाड भरलीये?"

तिचा चेहरा लगेच सैल झाला. ती माझ्यावर विश्वास ठेवून आली होती आणि विश्वास ठेवून परत गेली. जाताना आईसाठी आणलेली लिंबं माझ्याकडे दिली. माझी अक्कल तेव्हा शेण खायला गेली होती असं म्हणून भागत नाही. अक्कल जागेवर होती. मी भित्रा होतो, आणि माझी अब्रू मला तिच्या नवऱ्यापेक्षा प्यारी होती. हे मी आज लिहितोय, तेव्हा कबूल केलं नसतं.

पुढची वर्षं नीट गेल्यासारखी दिसली. भावजी वाळत चालले होते, पण आम्ही म्हणायचो कामाचा ताण. राज्यांची पुनर्रचना येणार, मध्यभारत जाऊन मोठा मध्यप्रदेश होणार, असं बोलणं सुरू झालं आणि त्यांच्या कचेरीत नकाशांचा पूर आला. जुन्या सरहद्दी पुसा, नव्या मारा. भावजींचं नाव भोपाळला जाणाऱ्या नक्शानविसांच्या यादीत पहिलं होतं. ताईने सामानाची बांधाबांध मनातल्या मनात सुरूसुद्धा केली होती.

मग एक दिवस त्यांनी एका गावाचं नाव नदीच्या पात्रात लिहिलं. वरच्या साहेबांनी हसून सोडून दिलं. पुढच्या आठवड्यात एकच हद्द दोनदा मारली, एकीशेजारी एक. चष्म्याचा नंबर बदलून झाला, परत बदलून झाला. ताईने मला सांगितलं की भावजी तिला म्हणाले, "कागदावर काजळी पडतेय, पुसून दे जरा." ती पुसत होती, आणि कागद स्वच्छ होता.

म्हातारे डॉक्टरसाहेब तोवर निवृत्त झाले होते. त्यांच्या जागी एक तरुण डॉक्टर आले होते, बोलायला तुटक पण हात मऊ. भावजींना मीच त्यांच्याकडे घेऊन गेलो, ताईही सोबत आली. त्यांनी डोळ्यांत उजेड टाकून बराच वेळ बघितलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "लघवी."

या वेळी मी बाटली दिली. नळीत आठ थेंब टाकले आणि दिव्यावर धरली. निळ्याचं हिरवं झालं, पिवळं झालं, थांबेल असं वाटलं, थांबलं नाही. कच्च्या विटेचा रंग आला. डॉक्टरांनी नळी माझ्या हातातून काढून घेतली.

"ये कब से है?"

भावजी म्हणाले, "पता नहीं. वजन तो बरसों डेढ़ मन रहा. लग्न से." मग हळूच, "अब थोड़ा उतरा है."

डॉक्टरांनी त्यांना कोट काढायला लावला. दंड चिमटीत धरला. त्या चिमटीत कातडी आली, मांस आलंच नाही. मग पोटाला हात लावला. कोटाखाली, धोतराच्या गाठीवर, एक छोटंसं गोल पोट होतं, वाळलेल्या वेलीवरच्या भोपळ्यासारखं. आम्हाला रोज दिसणारं, आणि म्हणूनच कधी न दिसलेलं. डॉक्टरांनी कोट हातात घेतला, खालच्या बटणापाशी जुन्या शिवणीची भोकं होती तिथे बोट ठेवलं.

"ये बटन कब सरकाया?"

"फार वर्षं झाली," ताई म्हणाली.

मग त्यांनी आम्हाला समजावून सांगितलं, आणि ते मी आजतागायत विसरलेलो नाही. ते म्हणाले की काट्याला मांस कळत नाही आणि चरबी कळत नाही, त्याला फक्त ओझं कळतं. यांचं पोहणं सुटलं तसं हातापायांतलं मांस झिजत गेलं, आणि तेवढ्याच वजनाची चरबी पोटात, आतड्यांभोवती, काळजावर जमत गेली. म्हणून वजन वर्षानुवर्षं तेवढंच. आतून हा माणूस जाड्या शेठच होता, फक्त वरून दिसत नव्हता. ही आतली चरबी साखर बिघडवते, रक्ताचा दाब वाढवते, हृदयाला धरते. आणि साखर फार वाढली की माणूस वाळायला लागतो, तेव्हा तर सगळे म्हणतात, बघा कसा चपळ आहे. जाड माणसाला निदान कोणीतरी टोकतं. बारीक माणसाला कोणी तपासत नाही.

"लेकिन यांना तपासलं होतं ना," ताई म्हणाली. तिची जीभही हिंदी-मराठीत अडखळत होती. "दाखल्याच्या वेळी. माझ्या भावाने."

डॉक्टरांनी जुना कागद मागवला. कपाटातून मीच काढून दिला. त्यांनी वाचला, 'साखर: नाही'.

"ये आपने किया?"

"जी."

"ठीक से?"

भावजी शेजारच्या बाकावर बसले होते. ताई माझ्याकडे बघत होती. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं लोक म्हणतात ते काय असतं हे मला तेव्हा कळलं. मी म्हणालो, "जी."

"मतलब तब साफ था," डॉक्टर म्हणाले आणि माझ्या खोट्यावर विसंबून त्यांनी आजार किती जुना, याचा हिशेब मांडला. इन्शुलिन सुरू केलं. इंदूरला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे पाठवलं. तिथून उत्तर आलं ते असं की डोळ्यांमागच्या बारीक नसा फुटल्यात, गेलं ते येणार नाही, उरलंय ते किती टिकेल सांगता येत नाही. ताईने विचारलं, आधी कळलं असतं तर? ते म्हणाले, तर नक्कीच बराच फरक पडला असता.

नवं राज्य झालं त्या वेळी भावजींना दारातल्या उजेडाचा चौकोन दिसायचा, एवढंच. यादीतले बाकीचे नक्शानवीस भोपाळला गेले. भावजींचं मेज कचेरीने घरी पाठवून दिलं. ताई त्यावर पापड वाळत घालायची.

सुया उकळायला मी ताईला शिकवलं. इन्शुलिनची बाटली पाण्याच्या माठाला टेकवून, ओल्या फडक्यात कशी ठेवायची तेही शिकवलं. निळं औषध दवाखान्यातून आणून दिलं, स्पिरिटचा दिवा दिला. रोज सकाळी ती नळी तापवायची आणि मी दर रविवारी जाऊन बघायचो. सगळे म्हणायचे, भाऊ असावा तर असा. मला ते ऐकवायचं नाही. मी तोंड फिरवून बाहेर जाऊन बसायचो, आणि लोक म्हणायचे, किती जिवाला लागलंय बघा त्याच्या.

सांगून टाकायचं, हे मी प्रत्येक रविवारी ठरवायचो. टांग्यात वाक्यं जुळवायचो. ताईच्या दारात पोचलो की ती म्हणायची, "आलास? बरं वाटलं." की झालं. संपलं माझं शौर्य.

असाच एक रविवार. सकाळची वेळ. ताई चुलीशेजारी पाटावर बसून दिव्यावर नळी धरत होती, भावजी भिंतीला टेकून बसले होते, मी त्यांच्यासमोर खाली जमिनीवर. दारात कोणीतरी खाकरलं. पैलवान! कचेरीतला चपराशी. भावजींना बघायला आला होता, हातात भिजवलेल्या चण्यांचा पुडा. दोघांच्या गप्पा रंगल्या. जुनी कचेरी, जुने साहेब. मग त्याचं लक्ष माझ्याकडे गेलं आणि तो मोकळेपणाने हसला. मनात काही ठेवलेलं दिसत नव्हतं, आणि तेच मला झेपेना.

"बाबूजी ने हमसे तो तीन बार बोतल भरवाई थी," तो भावजींना म्हणाला. "सबके सामने. याद है?"

भावजींना हसू फुटलं. कितीतरी महिन्यांनी. त्यांनी चाचपडत हात पुढे केला, माझा खांदा सापडेपर्यंत, आणि त्यावर थोपटलं.

"तुमसे तीन बार? अरे, हमसे तो एक बार भी नहीं! बोतल उठाई, और वापस रख दी. जमाई हूं इनके घर का. इज्जत रखी मेरी." मग माझ्याकडे वळून, मराठीत, "मी कधी बोललो नाही मेव्हणे, डॉक्टरांसमोरही नाही, पण त्या दिवशी मला फार बरं वाटलं होतं. चार लोकांत मान ठेवलात."

चुलीकडे बघायची हिंमत नव्हती, तरी बघितलं.

ताई नळी हातात धरून तशीच थांबली होती. तिच्या चेहऱ्यावर मी एक-एक गोष्ट जागेवर बसताना पाहिली. फडताळातली बाटली. मोरीतल्या मुंग्या. लिंबं. 'या हाताने तपासलंय.' भावजींना बाटलीचं माहीत होतं, पण ती माझ्याकडे मुंग्या घेऊन आली होती हे तिने त्यांना कधी सांगितलं नव्हतं. तिला मुंग्यांचं माहीत होतं, बाटलीचं नाही. दोन्ही माहीत असलेला माणूस त्या घरात एकच होता, आणि तो जमिनीवर बसला होता.

मला वाटलं ती ओरडेल. तिने ओरडायला हवं होतं. मी मनात तिला विनवत होतो, ताई, शिवी दे, नळी फेकून मार. तिने फडकं घेऊन नळी पुसली, उठली आणि माझ्यासमोर येऊन उभी राहिली. पैलवानाला काही कळलं नव्हतं. तो चण्यांचा पुडा सोडत होता.

"घे," ती म्हणाली. आवाज अगदी हळू. "रंग बघ. आणि यांना सांग. खरा सांग."

मी नळी घेतली. काच अजून गरम होती. आत विटकरी गाळ खाली बसत होता.

"विटकरी आहे, भावजी," मी म्हणालो. "पार विटकरी."

भावजींनी मान हलवली, आणि ताई उभी होती त्या दिशेला अंदाजाने तोंड करून म्हणाले, "मग सुई वाढवायला हवी गं. मेव्हण्यांनी स्वतः बघितलंय, म्हणजे बरोबरच असणार."